ओकीचोबी तळ्यावरचा एक दिवस आणि आमच्या शेततळ्याचा हिशोब



ऑक्टोबरनंतर या पानावर एकही नोंद टाकली नाही. काही जणांनी मेसेज करून विचारलं, ऊस गेला का, तब्येत बरी आहे ना. ऊस डिसेंबरात गेला, तब्येत ठणठणीत आहे. लिहायचं मन नव्हतं. ऑक्टोबरातली शेवटची नोंद मी पुसून टाकली, पण ज्यांनी वाचली त्यांना आठवत असेल. माझ्या शेततळ्यात कुणीतरी औषध टाकलं असं त्यात लिहिलं होतं. नाव घेतलं नव्हतं, तरी गावात कुणाला कळायचं राहिलं नाही. आजची नोंद त्याचीच आहे. फक्त जरा लांबून येतो.

आधी झालं काय ते सांगतो. शेततळं ३० बाय ३० मीटर, तीन मीटर खोल, खाली कागद अंथरलेला. त्यात आदल्या वर्षीचे कटला-रोहू दीड-दीड किलोचे झालेले, आणि यंदा जुलैत वरून आणखी ९०० बोटुकली सोडलेली. आमच्या घरात हा धंदाच मुळात भांडणाचा. सौ. माळकरी, तिला तळ्यात मासे नकोच होते. परतीच्या पावसानं तीन दिवस सूर्य दाखवला नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी थोडी उघडीप मिळाली आणि रात्री वादळवारं सुटलं. गार पाऊस तासभर असा कोसळला की पत्र्यावरचा आवाज ऐकून झोप लागेना. पहाटे पाचला गडी ओरडत आला. तळ्यावर पांढरी पोटंच पोटं. पावणेचार क्विंटल माल एका रात्रीत गेला. खड्डा काढून पुरला.

आण्णा माझे थोरले चुलतभाऊ. त्यांचा कांदा तळ्याच्या खालच्या अंगाला. सांडव्याचं पाणी कांद्यात येतं म्हणून पंधरा दिवस आधी आमची बोलाचाली झाली होती. आणि त्या उघडीपीच्या संध्याकाळी ते पाठीवर पंप घेऊन आमच्याच बांधावरून गेलेले गड्यानं पाहिलं होतं. करप्याचं औषध मारायला चालले होते, हे आता कळतंय. त्या दिवशी माझ्या डोक्यात दोन अन् दोन पाच झाले. देवळापुढं चार माणसांत मी बोलू नये ते बोललो. आण्णा काही बोलले नाहीत, धोतराचा सोगा सावरून निघून गेले. ते गप्प बसले याचाच मी पुरावा केला. दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचं ताट आलं नाही, आमच्याकडून गेलं नाही. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच.

थोरला मुलगा फ्लोरिडात असतो, ऑर्लँडोला. त्यानं फोनवर सगळं ऐकलं आणि आम्हा दोघांची तिकिटंच काढली. म्हणाला, पप्पा, ऊस गेला की इकडं या, चार दिवस डोकं शांत करा. जानेवारीत गेलो.

मुलांनी काय काय दाखवलं ते सांगत बसत नाही. मला उसाची शेती बघायची होती. तो म्हणाला, तीन तासांवर क्लूइस्टन आहे, तिथं ऊसच ऊस आहे. आणि शेजारी ओकीचोबी नावाचं तळं आहे, तिथं गाईड घेऊन मासे धरायला जातात, तेही करू. मी म्हणालो, मासे नको, माझे मेलेत. तरी त्यानं बुकिंग केलं होतं. किती पैसे दिले ते त्यानं सांगितलं नाही. मी नंतर काढलं. एकराच्या उसाचं बेणं आलं असतं.

ठरला होता त्या दिवशी जाताच आलं नाही. आदल्या रात्री थंडीची लाट घेऊन वादळ आलं. आडवा पाऊस, विजा, आणि मागून दोन दिवस उत्तरेचा गार वारा. गाईडचा निरोप आला, आज तळ्यात कुणी जाणार नाही, तिसऱ्या दिवशी या. तिसऱ्या दिवशी पहाटे निघालो. आभाळ धुतल्यासारखं निळं, वारा थांबलेला, आणि फ्लोरिडात असूनही स्वेटर घालावा लागला.

या तळ्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं त्याच्याशिवाय कळणार नाही. पसारा सुमारे ७३० चौरस मैल, म्हणजे जवळपास १,९०० चौरस किलोमीटर. उजनी आणि जायकवाडी दोन्ही भरलेली शेजारी शेजारी मांडली तरी त्याच्या निम्म्याला पुरत नाहीत. पण सरासरी खोली फक्त नऊ फूट! मी गाडीतच मोबाइलवर गुणाकार केला. पाणी येतं साधारण १८० टीएमसी. आपली उजनी ११७ ची. म्हणजे पसारा एवढा प्रचंड आणि पाणी दीडपटच. परातीत ओतलेलं पाणी म्हणा ना. परात एका बाजूनं फुंकली की पाणी दुसऱ्या काठाला चढतं, तसं तिथं वाऱ्यानं होतं. १९२८ च्या सप्टेंबरात चक्रीवादळ आलं तेव्हा वाऱ्यानं पाणी असंच दक्षिणेला ढकललं, त्या वेळचा मातीचा कमी उंचीचा बांध फुटला आणि निदान अडीच हजार माणसं गेली. बहुतेक शेतावर राबणारे काळे मजूर. त्यानंतर जो मोठा भराव बांधला त्याला हर्बर्ट हूवर डाइक म्हणतात. तळ्याभोवती १४३ मैल तो फिरतो. त्यामुळे गावात उभं राहून तळं दिसतच नाही. भरावावर चढलं की एकदम समुद्रासारखं समोर येतं.

गाईडला तिकडं कॅप्टन म्हणतात, होडी दोन माणसांची असली तरी. आमचा कॅप्टन सत्तरीचा, उन्हानं भाजलेला, आपल्याकडच्या एखाद्या जुन्या भोयासारखा. थोडं बोलायचा आणि पाण्याकडं जास्त बघायचा. आधी माझा परवाना बघितला. गोड्या पाण्यात गाईडच्या होडीत बसलं तरी परवाना ज्याचा त्याला लागतो. बाहेरच्या माणसाला तीन दिवसांचा १७ डॉलरला मिळतो. मग धक्क्याच्या लाकडी खांबावर बोट दाखवलं. पाण्याच्या वर फूटभर ओली खूण होती. परवा पाणी इथवर आलं होतं, म्हणाला. वाऱ्यानं ढकललेलं, आज परत गेलं.

भरावाच्या कडेच्या कालव्यातून बाहेर पडलो तर समोर दुधाळ चहासारखं पाणी. कॅप्टननं हात बुडवला, मनगटापाशी बोटं दिसेनात. तळ्याच्या मधल्या भागात तळाला मऊ चिखलाचा मोठा थर आहे. पाणी उथळ, त्यामुळं जोराचा वारा तो गाळ उठवतो. त्या गाळात कित्येक वर्षांचं स्फुरद साठलेलं. मला वाटलं, दक्षिणेला एवढा ऊस आहे, त्याचंच असणार. तर तसं नाही. बरंचसं उत्तरेकडून येतं. किसिमी नदीच्या खोऱ्यातली गुरांची कुरणं, गोठे, बागा, शहरं, तिकडून. आज वरून येणारं खत थांबवलं तरी तळाचा साठा वाऱ्यानं वर येतच राहणार. पाणी गढूळ झालं की ऊन खाली पोचत नाही, पाण्याखालचं गवत मरतं, आणि गवत गेलं की बास मासा गेला. बास म्हणजे आपल्या मरळीसारखा दबा धरून खाणारा शिकारी मासा. रंग हिरवट, अंगावर काळा पट्टा, तोंड असं की मूठ जाईल.

मुलगा म्हणाला, मग आज काय मिळणार? कॅप्टन हसला. म्हणाला, वादळ झालं की लोक म्हणतात तळं खराब झालं. तळं कधी सगळंच्या सगळं खराब होत नाही. मासा निघून जातो, आपण तो गेला कुठं ते शोधायचं.

मग त्यानं होडी पश्चिमेला घेतली. त्या बाजूला सुमारे लाखभर एकर नुसती दलदल आहे. लव्हाळे, पाणकणीस, मधूनमधून आपली ओळखीची जलपर्णी. (हो, तीही तिथं आहे. तिला बघून मला उजनीच्या काठाला आल्यासारखं वाटलं.) लव्हाळ्याच्या पहिल्या रांगेपर्यंत पाणी गढूळ. कॅप्टननं मोठं इंजिन बंद केलं, पुढची छोटी विजेवरची मोटर लावली आणि एका फटीतून आत शिरला. दोनशे पावलांवर गेलो असू, आणि पाणी बदललं. कोऱ्या चहासारखं, पण तळ दिसतोय. वाळू, त्यावर लांब पात्यांचं गवत हलतंय. गढूळ पाणी बाहेर, गाळून निघालेलं आत, आणि मध्ये फक्त लव्हाळ्याची भिंत. मी दोन-चारदा मागं वळून बघितलं. शेताच्या कडेला गवताचे पट्टे ठेवा म्हणून कृषी सहायक सांगतात तेव्हा आपण मान डोलावतो आणि बांध कोरत राहतो.

होडीच्या पडद्यावर पाण्याचं तापमान ६१ फॅरनहाइट दिसत होतं, म्हणजे १६ अंश. वादळाआधी ७२ होतं. कॅप्टन म्हणाला, गार हवा आल्यावर बास पाठलाग करत नाही. गवतात तोंड खुपसून बसतो, आमिष त्याच्या तोंडापुढं गेलं तरच उघडतो. हवेच्या दाबानं असं होतं म्हणतात, पण त्या वादात तो पडला नाही. उन्हं चढू देत, एवढंच म्हणाला. दोन खांब पाण्यात रोवून होडी स्थिर केली. आमिष म्हणून जिवंत शायनर, सोनेरी अंगाचे, वीतभर लांब. ओठातून गळ ओवायचा, वर बुचाचा तरंगता गोळा, आणि लव्हाळ्याच्या कडेला सोडून द्यायचा. बास जवळ आला की शायनर घाबरतो, गोळा नाचायला लागतो. ते बघत बसायचं. तास गेला, दीड तास गेला. गोळा जागचा हलला नाही. एक ॲलिगेटर मात्र लाकडाच्या ओंडक्यासारखा पडून आमच्याकडं बघत होता. मुलगा मोबाइलवर ऑफिसचं काम करायला लागला.

होडीच्या मागच्या अंगाला शायनरची टाकी होती. तिच्यात पंप सारखा घरघरत होता. आपण पिठाच्या गिरणीचा आवाज विसरतो तसा मी तो विसरलो होतो. पंप बंद पडला तेव्हा शांततेनं लक्ष गेलं. कॅप्टन पुढं टोकाला दोरा सोडवत होता, त्याला आधी कळलं नाही. दिवस चढलेला, टाकीत शायनर दाटीनं. मी झाकण उघडलं. थोड्या वेळानं एक वर आला, मग दुसरा, मग सात-आठ. सगळ्यांची तोंडं पाण्याच्या वर, ओठ उघडझाप करताहेत.

मंडळी, ती उघडझाप मी पाहिली होती. ऑक्टोबरात, पहाटे, बॅटरीच्या उजेडात. जे मेले नव्हते ते असेच करत होते, आणि मला वाटलं औषधानं तडफडताहेत.

मी मुलाला हाक मारली. कॅप्टन आला, फ्यूज उडाला होता, बदलला. पंप सुरू झाला. पाच-सात मिनिटांत शायनर खाली गेले, जसं काही झालंच नाही. मी मुलाला म्हणालो, याला विचार, हे असं का करतात. तो म्हणाला, हवा संपली की पाण्याचा वरचा पापुद्रा पितात, तिथंच काय ती शिल्लक असते. मोठ्यांना जास्त लागते, म्हणून मोठे आधी मरतात.

मोठे आधी मरतात, हे मुलानं मराठीत सांगितलं आणि तोच थांबला. मग म्हणाला, पप्पा, आपलं सांगू का याला?

सांग म्हणालो. कॅप्टननं टोपी मागं सारली आणि एकेक प्रश्न विचारला. मुलगा इकडून तिकडं करत होता. कधी मेले? पहाटे. आधी ढग होते? तीन दिवस. रात्री गार पाऊस आणि वारा? हो. मोठे मेले की लहान? मी म्हणालो, मोठे. सगळे मोठे. यंदाची बोटुकली पुष्कळशी राहिली. बेडूक? मला आठवलं, त्याच सकाळी गडी खड्डा काढत होता आणि तळ्याच्या कोपऱ्यात बेडकं ओरडत होती. पाणकिडे पाण्यावर पळत होते. तळ्यात काय टाकत होता? शेण. पाणी हिरवं व्हावं म्हणून. पेंड महागली म्हणून सप्टेंबरात दुप्पट टाकलं होतं.

कॅप्टन म्हणाला, विष लहान-मोठा बघत नाही, आणि बेडूक-किडे ठेवत नाही. एवढं बोलून तो परत पुढं गेला.

घरी येऊन मी मत्स्य विभागाच्या एका निवृत्त अधिकाऱ्यांशीही बोललो, त्यांनी हेच जरा शास्त्राच्या भाषेत सांगितलं. हिरव्या पाण्यातलं शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करतं आणि रात्री स्वतःच खातं. तीन दिवस ऊन नाही म्हणजे जमा नाही, खर्च चालू. तळाला शेण आणि उरलेलं खाद्य कुजतंय, ते वेगळं खातंय. कागदाच्या तळ्यात खालचं पाणी हलत नाही, त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. वादळात गार पावसाचं जड पाणी खाली जातं, वारा ढवळतो, आणि तळाचं मेलेलं पाणी वर येतं. लिटरला पाच मिलिग्रॅमच्या पुढं प्राणवायू असला की मासा सुखी, दोन-तीनच्या खाली गेला की वर येतो. सर्वांत कमी असतो पहाटे, ऊन यायच्या आधी. ढगाळ दिवसांत शेण आणि खाद्य बंद ठेवायचं, पहाटे पाणी उडवायचं. एवढंच करायचं होतं.

ओकीचोबीतला मासा वादळ झाल्यावर लव्हाळ्याच्या आत जातो. माझ्या तळ्याला चारी बाजूंनी कागद. तो जाणार कुठं?

मासा मिळाला का, ते राहिलंच. साडेअकराच्या सुमाराला मिळाला. गोळा थरथरला, मग एकदम बाजूला पळाला आणि बुडाला. कॅप्टन म्हणाला, थांब, थांब, आता ओढ. मी नांगराचा कासरा ओढल्यासारखा ओढला, तो हसायला लागला. मादी होती, सव्वाचार पौंडाची, म्हणजे दोन किलोला थोडी कमी, पोट गाभण्या शेळीसारखं तट्ट. त्यानं खालच्या ओठात अंगठा घालून धरली, माझ्या हातात दिली. ओठ आतून पॉलिश पेपरसारखा खरखरीत. कायद्यानं दिवसाला पाच बास नेता येतात, त्यातला १६ इंचांचा किंवा त्याहून मोठा एकच. ही नेता आली असती. पण जानेवारीपासून त्यांचा अंडी घालायचा हंगाम, त्यानं विचारलंसुद्धा नाही. मला म्हणाला, पाण्यात धर आणि तिची ती जाईपर्यंत सोडू नको. मी धरली. कल्ले उघडत होते, मिटत होते. चार-पाच वेळा, आणि शेपटीचा फटका मारून गेली. एवढे पैसे भरून धरायचं आणि सोडायचं, हे सौ.ला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, पहिल्यांदाच शहाण्यासारखं वागलात.

उसाचं राहून गेलं, त्यावर वेगळी नोंद लिहीन. तिथली जमीन म्हणजे कुजलेल्या गवताची काळी मऊ भुकटी, आणि ती दरवर्षी खाली बसते आहे. बेल ग्लेडच्या संशोधन केंद्रात १९२४ साली खडकापर्यंत रोवून जमिनीबरोबर केलेला नऊ फुटी सिमेंटचा खांब आहे, तो आता माणसाच्या उंचीएवढा उघडा पडलाय. फोटो आहेत.

परत आलो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. दोन दिवस नुसताच रानात फिरलो. तिसऱ्या दिवशी आण्णांच्या वस्तीवर गेलो. ते गव्हाला दारं धरत होते. मी बांधावर उभा राहिलो. त्यांनी बघितलं आणि काम चालू ठेवलं. मी म्हणालो, आण्णा, तळ्यात औषध नव्हतं. माझंच शेण नडलं. देवळापुढं बोललो ते चुकलं, देवळापुढंच परत सांगतो.

त्यांनी वाफा भरू दिला. खोऱ्यानं माती ओढून दारं मोडलं, दुसरं काढलं. मग म्हणाले, "तुला कसं कळलं?"

सगळं सांगितलं. तळं, शायनर, फ्यूज, बेडकं. अमेरिकेतल्या म्हाताऱ्यानं बेडकांचं विचारलं म्हटल्यावर ते म्हणाले, "बेडकं तर मीबी ऐकली होती त्या सकाळी. मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं." यावर मला बोलायला काही नव्हतं.

चहा झाला. उठताना त्यांनी विचारलं, तो पाणी उडवायचा पंप केवढ्याला येतो? मी म्हणालो, अर्ध्या एचपीचा बघतोय, फवाऱ्यासारखं पाणी वर फेकून परत तळ्यात पडलं तरी काम भागतं. पण पहाटे तीन-चारला चालू करायला उठावं लागणार. ते म्हणाले, "तू कुठं उठतोस? माझी झोप तीनला मोडती. माझ्या ओट्यावरनं तुझं तळं दिसतं. बटण इकडं काढून दे."

देवळापुढं अजून बोलायचं आहे, सोमवारी पारावर सगळे असतात. तोवर ही नोंद इथं टाकतोय, कारण आरोपही इथंच टाकला होता.

आता तुमच्याकडून एक पाहिजे. यंदा बोटुकली निम्मीच सोडणार, शेण बंद केलंय. पण पावसाळ्यात, नेमकं वादळाच्या रात्री, पहाटे लाईट जाते. सोलर पंप त्या वेळी उपयोगाचा नाही. बॅटरीवर किंवा छोट्या इंजिनवर कुणी पाणी उडवतंय का? किती तास चालतं, खर्च किती आला, आणि प्राणवायू मोजायचं मीटर कुणाकडं असेल तर तेही सांगा. आमच्याकडं मृग लागायला अजून साडेतीन महिने आहेत.